थंड प्रदेशांतील काँक्रीटची गाडीवाट

घरापासून सडकेपर्यंतची वाट ही शेतकऱ्याच्या स्थावराचाच एक भाग होय. धान्य बाजारास जातें तें ह्याच वाटेनें, दुधाची गाडी गोठ्यापर्यंत येते ती ह्याच वाटेनें, आणि घरांत कोणी आजारी पडलें तर डॉक्टरास आणावयाचें तेंही ह्याच वाटेनें. उत्तर अमेरिकेंत, विशेषतः मिनेसोटा व ओहायो ह्या राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत, हिंवाळ्यांत जमीन हात-दोन हात खोल गोठते आणि वसंतऋतूंत तिचा चिखल होतो. कच्च्या वाटेवर त्या दिवसांत चाक रुततें. म्हणून ज्यास ऐपत आहे तो शेतकरी काँक्रीटची पक्की वाट करून घेतो. तिला तिकडे ‘ड्राइव्हवे’ म्हणतात. आम्ही ह्या लेखांत तिला गाडीवाट म्हणूं.

ह्या वाटांविषयीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकाच गांवांत, एकाच जातीच्या सिमेंटनें केलेल्या दोन वाटांपैकीं एक तीस वर्षें टिकते, आणि दुसरीचे पापुद्रे तिसऱ्या हिंवाळ्यांतच सुटूं लागतात. खर्च दोहोंचा जवळजवळ सारखा असतो. फरक असतो तो कामाच्या रीतींत. शिवाय बिघडलेल्या वाटेस चांगला उपाय नाहीं. वरून पातळ थर लिंपला तर बहुधा तोही सुटून येतो, आणि शेवटीं सगळी वाट उखडून नवी करावी लागते. म्हणजे चुकीचें मोल दुप्पट होतें. ही चूक कोठें होते व ती कशी टाळावी, हें कारणांसह सांगण्याचा आमचा हेतु आहे.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस बर्फाशीं सामना करावा लागत असेल. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण थंडी ही काँक्रीटची कठोर परीक्षा आहे. जो दोष आपल्याकडे दहा वर्षें लपून राहतो, तो तिकडे दोन-तीन वर्षांत उघडा पडतो. त्या परीक्षेंत उतरलेल्या रीतींपैकीं बऱ्याचशा आपल्या खळ्यास, गोठ्याच्या जमिनीस व अंगणासही लागू पडतात. त्याविषयीं शेवटीं लिहिलें आहे.

ओहायो राज्यांतील बेलफाउंटन ह्या गांवीं जॉर्ज बार्थोलोम्यू नांवाच्या गृहस्थानें १८९१ सालीं आठ फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घातला, आणि १८९३ सालीं तेथील कोर्ट अव्हेन्यू हा रस्ता काँक्रीटचा केला. असा रस्ता टिकेल यावर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हां त्यानें पांच वर्षांच्या हमीसाठीं ५,००० डॉलरचें जामीनपत्र लिहून दिलें. तो रस्ता आजही दाखविला जातो. थंड हवेंत काँक्रीट टिकतें, याला ह्याहून वेगळा पुरावा नको.

१. थंडी काँक्रीटचें काय करिते

पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. काँक्रीट दगडासारखें दिसलें तरी त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात, व तीं पाणी शोषून घेतात. छिद्र अर्धेंच भरलेलें असेल तर बर्फास वाढावयास जागा मिळते. परंतु शंभर भागांपैकीं एक्क्याण्णव भागांहून अधिक भरलें असेल, तर ती जागा उरत नाहीं. दाब आंतल्या भिंतींवर पडतो व त्या तडकतात. अमेरिकेंतील संशोधक टी. सी. पॉवर्स ह्यांनीं १९४५ सालीं ह्या दाबाची उपपत्ति मांडली. गोठणाऱ्या बर्फापुढें जें पाणी ढकललें जातें, त्यास निसटण्यास जवळ रिकामी जागा मिळाली नाहीं तर दाब वाढत जातो, असें तिचें सार आहे. पुढील संशोधनानें तींत भर पडली, तथापि ‘जवळ रिकामी जागा हवी’ हा तिचा व्यावहारिक निष्कर्ष कायम राहिला.

ही रिकामी जागा मुद्दाम निर्माण करतां येते. १९३० नंतरच्या दशकांत तिकडील रस्त्यांची पाहणी करितांना असें आढळलें कीं, कांहीं रस्ते इतरांपेक्षां थंडीस फारच चांगले टिकले आहेत. शोध घेतां कळलें कीं, त्यांचें सिमेंट दळतांना चरबी किंवा राळ यांसारखे पदार्थ त्यांत मिसळले गेले होते, व त्यांच्या योगानें साबणाच्या फेंसाप्रमाणें बारीक बुडबुडे काँक्रीटमध्यें राहिले होते. तेव्हांपासून असे बुडबुडे धरणारें द्रव्य मिश्रणांत घालण्याची रीत पडली. हे बुडबुडे डोळ्यांस जेमतेम दिसतील इतके लहान असावे लागतात, आणि कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा सुमारें एक मिलिमीटरच्या पांचव्या भागाहून दूर नसावा असा नियम आहे. एकूण हवा आकारमानानें ५ ते ८ टक्के असावी. त्याहून कमी असल्यास संरक्षण अपुरें पडतें. अधिक असल्यास ताकद घटते, कारण हवेच्या दर टक्क्यामागें ताकद सुमारें ५ टक्क्यांनीं उतरते.

येथें एक समज दूर केला पाहिजे. जेथें थंडी अधिक कडक, तेथें काँक्रीट अधिक लवकर फुटतें, असें नव्हे. महिनेच्या महिने गोठून राहिलेली वाट एका गोठण्याचाच ताण सोसते. परंतु जेथें दिवसा बर्फ वितळतें आणि रात्रीं पुन्हां गोठतें, तेथें एका हिंवाळ्यांत कितीतरी वेळां ताण बसतो. म्हणून ओहायो व दक्षिण ऑन्टॅरिओ येथील सौम्य वाटणारा हिंवाळाही काँक्रीटास कठीण जातो.

२. जमीन कां फुगते

वाटेचा दुसरा शत्रु तिच्या खालीं असतो. थंडींत जमीन वर उचलली जाते, वाट वांकते व तडकते. पूर्वीं लोक समजत कीं, जमिनींतलें पाणी गोठून ९ टक्के वाढतें म्हणून हें होतें. स्टीफन टेबर ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें १९२९ व १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांनीं ही समजूत खोटी ठरविली. त्यानें मातींत पाण्याऐवजीं बेंझीन घालून ती गोठविली. बेंझीन गोठतांना आकसतें, तरीही माती फुगली! ह्यावरून सिद्ध झालें कीं, फुगण्याचें मुख्य कारण जागच्या पाण्याचें वाढणें हें नव्हे. गोठण्याच्या रेषेकडे खालून नवें पाणी ओढलें जातें, त्याच्या बर्फाच्या चकत्या एकावर एक वाढत जातात, आणि त्याच जमिनीस उचलतात. दिव्याची वात जसें तेल वर ओढते तसेंच हें होतें.

ह्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गोठविणारी थंडी, पाण्याचा पुरवठा, आणि पाणी वर ओढणारी माती. जाड वाळूंत पाणी वर चढत नाहीं. घट्ट चिकणमातींत तें चढतें, पण फार हळू. मधली, पिठासारखी गाळमाती सर्वांत घातक. तींत पाणी भरभर व उंच चढतें. आर्थर कासाग्रांदे ह्यांनीं १९३१ सालीं दिलेला नियम आजही प्रमाण मानतात. लहानमोठे कण मिसळलेल्या मातींत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण वजनानें ३ टक्क्यांहून अधिक असतील, तर ती माती थंडीनें फुगणारी समजावी.

तीन कारणांपैकीं थंडी आपल्या हातीं नाहीं. मिनेसोटाच्या इमारतनियमांत पायाची किमान खोली दक्षिण भागांत ४२ इंच व उत्तर भागांत ६० इंच ठरविली आहे. घराचा पाया इतका खोल नेतां येतो, पण वाटेखालील सर्व माती पांच फूट खणून काढणें परवडत नाहीं. म्हणून उरलेल्या दोन कारणांवर, म्हणजे माती व पाणी यांवर, इलाज करावयाचा. पाणी काढून दिलें कीं निम्मी लढाई जिंकली.

वसंतऋतूंतील धोका निराळा आहे. जमीन वरून वितळूं लागते, पण खालचा थर गोठलेलाच असतो. मधलें पाणी खालीं मुरूं शकत नाहीं आणि माती लापशीसारखी होते. ह्याच कारणास्तव मिनेसोटा व ऑन्टॅरिओ येथें वसंतांत कित्येक सार्वजनिक रस्त्यांवर जड मालगाड्यांच्या वजनास बंधन घालतात. शेतकऱ्यानेंही आपल्या वाटेवर तोच नियम पाळावा.

३. बैठक

आधीं वरची सुपीक माती मुळांसकट काढून शेतांत टाकावी. तिच्यांतील सेंद्रिय द्रव्य कुजून पोकळी होते. मऊ जागा दिसल्यास ती खणून आसपासच्या मातीसारख्याच मातीनें भरावी व धुमसावी. बैठक सर्वत्र सारखी असणें हें ती फार कठीण असण्यापेक्षां महत्त्वाचें आहे. एका बाजूस खडक आणि दुसऱ्या बाजूस भराव असला, तर वाट नेमकी त्या हद्दीवर तडकते.

तळच्या मातीवर बांधकामाचें जाडें कापड अंथरावें, म्हणजे चिखल खडींत वर चढत नाहीं. त्यावर फोडलेल्या दगडाची खडी ६ ते ८ इंच, आणि माती गाळाची असल्यास १२ इंचांपर्यंत घालावी. ती एकदम न टाकतां चार-चार इंचांचे थर करून प्रत्येक थर रुळानें अथवा यंत्राच्या धुमसानें दाबावा. खडींत भुकटी फार नसावी. असल्यास तीच पाणी वर ओढते. खडीचा थर वाटेच्या दोहों बाजूंस फूटभर बाहेर ठेवावा, कारण चाकाचा भार कडेवर आला म्हणजे कडेलाच आधार कमी पडतो.

खडींत शिरलेलें पाणी बाहेर पडण्यास मार्ग हवा. तो नसेल तर खडीचा थर म्हणजे पाण्यानें भरलेली परात होईल. यासाठीं कडेनें चर खणावा, किंवा छिद्रांची नळी घालून तिचें तोंड उताराकडे मोकळें सोडावें. छपराचें पाणी वाटेच्या कडेस पडूं देऊं नये. वाटेची पातळी भोंवतालच्या जमिनीहून इंच-दोन इंच वर असावी, आणि उतार दर फुटास पाव इंच, म्हणजे ५० फुटांस सुमारें एक फूट, घरापासून दूर द्यावा.

४. जाडी, हिशोब व मिश्रण

मोटारीपुरती वाट असल्यास ४ इंच जाडी चालते. परंतु शेतकऱ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर, धान्याची गाडी आणि दुधाची टांकी येणारच. वांकण्यास विरोध करण्याची शक्ति जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ४ इंचांच्या ठिकाणीं ५ इंच केलें तर काँक्रीट पावपट अधिक लागतें, पण शक्ति सुमारें दीडपटीहून थोडी अधिक होते. ६ इंच केलें तर ती सव्वादोनपट होते. तेव्हां काटकसर करावयाची ती जाडींत करूं नये. ट्रॅक्टरसाठीं ५ इंच आणि भरलेल्या मालगाड्यांसाठीं निदान ६ इंच धरावे.

उदाहरणार्थ, १० फूट रुंद, ५० फूट लांब व ५ इंच जाड वाट घेऊं. तिचें आकारमान सुमारें २०८ घनफूट होतें. सांडलवंड व उंचसखलपणा धरून २२५ घनफूट मागवावें. दर घनफुटास १० किलो सिमेंट धरलें तर २,२५० किलो, म्हणजे ५० किलोच्या ४५ गोण्या लागतील.

आतां पाण्याचा हिशोब. थंड हवेच्या वाटेस पाणी सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांहून अधिक असूं नये. कॅनडाच्या प्रमाणनियमांत अशा वाटेसाठीं हीच मर्यादा असून २८ दिवसांची ताकद ३२ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस इंचास सुमारें ४,६०० पौंड सांगितली आहे. ४५ टक्के म्हणजे दर गोणीस साडेबावीस लिटर. परंतु वाळूंतली ओलही पाणीच होय. एका गोणीस १०० किलो वाळू लागत असेल आणि तींत ५ टक्के ओल असेल, तर सुमारें पांच लिटर पाणी वाळूबरोबरच आलें. वरून घालावयाचें तें साडेसतराच लिटर उरलें. हा हिशोब न करतां नळी सोडली म्हणजे वाट तेथेंच बिघडली असें समजावें. सिमेंटास रासायनिक क्रियेसाठीं जें पाणी लागतें त्याहून जास्त झालेलें पाणी उडून जातें व मागें छिद्रें ठेवतें. आणि हिंवाळा त्याच छिद्रांतून शिरतो.

काँक्रीट कारखान्यांतून तयार येत असेल तर मागणी लिहून द्यावी: ताकद, पाण्याचें प्रमाण, हवा ५ ते ८ टक्के आणि मोठ्यांत मोठी खडी पाऊण इंच. गाडी आल्यावर मजूर म्हणतात, ‘घट्ट आहे, थोडें पाणी सोडा म्हणजे हात चालेल.’ काम सोपें व्हावें इतकाच त्यांचा हेतु असतो. पण त्या सोयीची किंमत मालकास पुढें भरावी लागते. मिश्रण सैल हवें असल्यास त्यासाठीं निराळीं द्रव्यें मिळतात, तीं कारखान्यांतच घालण्यास सांगावें. खडी टणक असावी. मऊ शेल अथवा सच्छिद्र गारगोटी असल्यास ते तुकडे पाणी पिऊन गोठतात व वरचा पोपडा उडवितात.

५. ओतणें व पृष्ठभाग

गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट कधींही ओतूं नये. ती वितळतांना खालीं बसते. कोरडी बैठक आधीं शिंपून ओली करावी, पण तीवर पाणी सांचलेलें नसावें. फळ्यांचा साचा दोरी लावून पक्का बसवावा. काँक्रीट जेथें हवें तेथेंच टाकावें, दूर ओढीत नेऊं नये. नंतर सरळ फळी ओढून पातळी काढावी.

ह्यानंतर थांबावयाचें असतें, आणि घाई होते ती येथेंच. कांहीं वेळानें काँक्रीटच्या अंगावर पाणी सुटून येतें. तें असतांना थापी किंवा रंधा फिरविला तर पाणी वरच्या थरांत कोंडलें जातें, व हाच थर पुढें पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी सुकविण्यासाठीं वर कोरडें सिमेंट भुरभुरणें हाही मोठा दोष आहे. पाणी आपोआप उडून गेलें, चकाकी गेली, कीं मग लांकडी रंधा फिरवावा. बुडबुड्यांच्या काँक्रीटवर लोखंडी थापीनें घोटाई करूं नये. तिनें वरचे बुडबुडे मरतात. शेवटीं ताठ केरसुणी आडवी ओढून रेघा पाडाव्या, म्हणजे बर्फांत पाय व चाक घसरत नाहीं.

६. सांधे व सळया

काँक्रीट सुकतांना आकसतें, त्यामुळें तें तडकणारच. आपणांस इतकेंच ठरवितां येतें कीं, त्यानें कोठें तडकावें. ह्यासाठीं ठराविक अंतरावर खांचा पाडतात. अंतर जाडीच्या २४ ते ३० पट असावें. ५ इंच जाडीस तें १० ते साडेबारा फूट होतें. आमच्या उदाहरणांतील वाटेचे दहा-दहा फुटांचे पांच चौरस पडतील आणि चार खांचा लागतील. खांच जाडीच्या एक चतुर्थांश, म्हणजे सव्वा इंच खोल असावी. उथळ खांचेस तड जुमानीत नाहीं. करवतीनें कापावयाची असल्यास त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या सकाळीं कापावी. जेथें वाट घराच्या पायास अगर गोठ्याच्या भिंतीस भिडते, तेथें मधोमध लवचीक पट्टी घालून दोहोंस सुटें ठेवावें, कारण पाया हलत नाहीं पण वाट हलते.

लोखंडी जाळीविषयीं पुष्कळांचा गैरसमज असतो. जाळी तड टाळीत नाहीं. पडलेली तड रुंदावूं देत नाहीं इतकेंच. तीही जाडीच्या वरच्या अर्ध्यांत असली तरच. जमिनीवर अंथरून वरून काँक्रीट ओतलें तर ती तळाशीं पडून राहते आणि पैसा फुकट जातो. कमजोर बैठकीची भरपाई जाळीनें होत नाहीं.

७. ऋतूची निवड

आतां सर्वांत जपून घ्यावयाच्या निर्णयाकडे वळूं. पीक काढून झालें कीं ऑक्टोबरांत शेतकरी मोकळा होतो, हातीं पैसा असतो, आणि कंत्राटदारही वर्षाअखेरचें काम कमी दरानें घेण्यास तयार असतो. अशा वेळीं वाट ओतावी कीं वसंताची वाट पहावी?

काँक्रीट पहिल्या कांहीं तासांत गोठलें तर त्याची अंतिम ताकद निम्म्यापर्यंत घटूं शकते, आणि ती पुढें भरून येत नाहीं. दर चौरस इंचास ५०० पौंड ताकद येईपर्यंत त्यास गोठूं देतां कामा नये. ही पहिली अडचण गरम पाणी, पेंढा व जाड पांघरूण यांनीं निभावतां येते. कॅल्शियम क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत घालून काँक्रीट लवकर घट्ट करतात. मात्र आंत लोखंड असेल तर तें घालूं नये, गंज धरतो. दुसरी अडचण पांघरुणानें टळत नाहीं. नवें काँक्रीट पाण्यानें भरलेलें असतें. तें मुरल्यावर सुमारें महिनाभर हवेंत सुकलें पाहिजे, म्हणजे छिद्रें रिकामीं होऊन बर्फास जागा मिळते. ऑक्टोबरच्या अखेरीस ओतलेल्या वाटेस हा महिना मिळतच नाहीं. ती ओल्या अंगानेंच पहिल्या बर्फांत व मिठांत सांपडते.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, उशीर झाला असेल तर थांबावें. पण हातावर हात ठेवून बसूं नये. शरदांत खणून, कापड व खडी घालून, चर काढून बैठक पुरी करावी आणि तिच्यावरून हिंवाळाभर गाड्या जाऊं द्याव्या. जेथें ती खचेल किंवा फुगेल तेथें खूण करावी. वसंतांत जमीन सुकल्यावर ती जागा दुरुस्त करून मे किंवा जून महिन्यांत काँक्रीट ओतावें. ह्यांत एक हंगाम जातो खरा, परंतु बैठकीची परीक्षा फुकट होते, आणि कमी दरांत वाचणारा पैसा वाट उखडण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस तें ओलें व उबदार ठेवावें: ओलें पोतें, प्लास्टिकचा कागद किंवा त्यासाठींचें द्रव्य फवारून. मोटार सात दिवसांनीं व जड गाडी २८ दिवसांनीं सोडावी.

८. मीठ व खतें

बर्फ वितळविण्यासाठीं टाकलेलें मीठ काँक्रीटास दुहेरी जाच करितें: तें पृष्ठभाग सतत ओला ठेवतें आणि गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्या वाढवितें. विशेष म्हणजे तीव्र द्रावणापेक्षां २ ते ४ टक्क्यांचें पातळ द्रावणच अधिक पापुद्रे काढतें. पहिल्या हिंवाळ्यांत मीठ मुळींच टाकूं नये, वाळू पसरावी. सडकेवरचें मीठ गाडीच्या खालून ठिबकतें, तेंही संधि मिळतांच धुऊन काढावें.

शेतकऱ्यानें एका मोहापासून विशेष सावध असावें. घरांत खत पडलेलें असतें, आणि तेंही बर्फ वितळवितें. परंतु अमोनियम नायट्रेट व अमोनियम सल्फेट हीं सिमेंटांतील चुन्यावर रासायनिक क्रिया करून काँक्रीट पोखरतात. तीं वाटेवर कधींही टाकूं नयेत. मुरघासाचा आंबट रस व शेणमुताचा निचरा हेही काँक्रीट खातात. ते वाटेवरून वाहूं देऊं नयेत.

९. आपल्याकडे ह्यांतून काय घ्यावें

हिमाचल, काश्मीर व लडाख येथील बागाईतदारांस वरील सर्व रीति जशाच्या तशा लागू आहेत. भारतीय प्रमाणनियमांतही हवेचें तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खालीं असतांना होणारें काम थंड हवेंतील मानून त्यासाठीं निराळी काळजी सांगितली आहे.

दख्खनच्या काळ्या जमिनींत बर्फ नाहीं, परंतु फुगणें आहे. पावसाळ्यांत काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. कारण निराळें, पण वाटेची दशा तीच, आणि उपायही बराचसा तोच: वरची काळी माती काढून मुरूम व खडी थराथरानें दाबणें, थर कडेबाहेर नेणें, आणि पाणी दूर काढून देणें. हवेचे बुडबुडे धरणारें द्रव्य आपल्याकडे वाटेस घालण्याचें कारण नाहीं. मात्र पाण्याचें माप, सांधे व मुरवणी ह्यांत सवलत नाहीं. आपल्याकडील गवंडी घमेल्यानें माप घेतो आणि पाणी नजरेनें घालतो. मालकानें निदान पाण्याची बादली मोजून ठेवावी, व पावसाळी वाळू वापरतांना पाणी कमी करावें. आपल्या कोरड्या उन्हाळ्यांत काँक्रीट थंडीपेक्षां उन्हानें मरतें. भारतीय नियमाप्रमाणें उष्ण व कोरड्या हवेंत तें निदान १० दिवस ओलें ठेवावें, आणि सिमेंट राखमिश्रित असल्यास १४ दिवस. खताच्या गोण्याही गोदामाच्या उघड्या काँक्रीटवर न ठेवतां फळ्यांवर ठेवाव्या.

सारांश, वाट टिकते ती चार गोष्टींनीं: खालून पाणी काढून दिल्यानें, मिश्रणांत पाणी कमी घातल्यानें, थंड प्रदेशांत योग्य हवा धरल्यानें, आणि काँक्रीटास पिकण्यास पुरेसा वेळ दिल्यानें. ह्यांपैकीं पहिल्या दोहोंस आणि शेवटच्या गोष्टीस फारसा पैसा पडत नाहीं. लागते ती देखरेख. काम चालू असतांना मालक तेथें उभा असावा, आणि त्याला काय पहावयाचें तें ठाऊक असावें. तितकें ह्या लेखानें साधलें तर आमचा उद्देश सफल झाला.